फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (जन्म : १२ मे १८२०, फ्लॉरेन्स, टस्कनी, मृत्यू : १३ ऑगस्ट १९१०, लंडन) या इंग्लंडमधील समाजसुधारक, आधुनिक परिचर्येच्या प्रवर्तक आणि संख्याशास्त्रज्ञ होत्या. क्रिमियन युद्धातील जखमी व आजारी सैनिकांची त्यांनी केलेली शुश्रूषा जगप्रसिद्ध आहे. हातात दिवा घेऊन रात्री रुग्णांमधून फिरणारी परिचारिका हीच त्यांची प्रतिमा शालेय पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली. त्यांच्या दीर्घ आयुष्याच्या मानाने युद्धभूमीवरील काळ मात्र दोन वर्षांहूनही कमी होता. त्यानंतरची अनेक दशके त्यांनी मुख्यतः आकडे गोळा करणे, त्यांची तुलना करणे आणि ते राज्यकर्त्यांना समजतील अशा रीतीने मांडणे या कामात घालवली. कोरडे तक्ते वाचण्याचा कंटाळा असणाऱ्यांना चित्राच्या साहाय्याने संख्याशास्त्र शिकवता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष कार्यातून दाखवून दिले. त्यांचे आलेख आजही संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमांत उदाहरण म्हणून वापरले जातात.

बालपण आणि शिक्षण

नाइटिंगेल यांचा जन्म सधन इंग्रज कुटुंबात, आईवडिलांच्या इटलीतील दीर्घ प्रवासात झाला. ज्या शहरात जन्म झाला त्याचेच नाव त्यांना देण्यात आले. थोरल्या बहिणीचा जन्म नेपल्स येथे झाला होता, म्हणून त्या शहराच्या प्राचीन ग्रीक नावावरून तिचे नाव पार्थेनोपी ठेवले गेले. वडील विल्यम एडवर्ड नाइटिंगेल हे विद्याव्यासंगी जमीनदार होते. आई फॅनी या गुलामगिरीविरोधी चळवळीतील संसदसदस्य विल्यम स्मिथ यांच्या कन्या होत. कुटुंबाचे वास्तव्य डर्बीशायरमधील ली हर्स्ट आणि हॅम्पशायरमधील एम्बली पार्क या दोन घरांत असे.

त्या काळी इंग्लंडमधील विद्यापीठांचे दरवाजे मुलींना बंद होते. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा आणि इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय शिकवले. फ्लॉरेन्स यांची ओढ गणिताकडे होती. विशीच्या सुमारास त्यांनी गणिताच्या शिकवणीचा आग्रह धरला, तेव्हा आईने त्याला विरोध केला, कारण घरसंसार सांभाळणाऱ्या स्त्रीला गणिताचा काय उपयोग, असा तिचा विचार होता. अखेर एका आत्याच्या मध्यस्थीने काही काळ शिकवणीची सोय झाली. पुढे सार्वजनिक आरोग्याविषयीचे सरकारी अहवाल त्या पहाटे उठून वाचत आणि त्यांतील आकड्यांची टिपणे वह्यांमध्ये उतरवून ठेवत.

परिचर्येकडे वाटचाल

वयाच्या सोळाव्या वर्षी, १८३७ मध्ये, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावल्याचा अनुभव आला, अशी त्यांची श्रद्धा होती. परिचारिका होण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली, तेव्हा घरात मोठा विरोध झाला. त्या काळातील रुग्णालये अस्वच्छ असत आणि परिचारिकेचे काम प्रतिष्ठेचे मानले जात नसे. कवी व संसदसदस्य रिचर्ड मॉन्कटन मिल्न्स यांनी घातलेली लग्नाची मागणी त्यांनी नाकारली आणि आजन्म अविवाहित राहिल्या. १८५१ मध्ये जर्मनीतील कैसरस्वर्थ येथील संस्थेत त्यांनी सुमारे तीन महिने प्रशिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीट भागातील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाच्या त्या अधीक्षक झाल्या. दरम्यान रोममध्ये त्यांची सिडनी हर्बर्ट यांच्याशी ओळख झाली होती. ही मैत्री पुढे निर्णायक ठरली.

क्रिमियन युद्ध आणि स्कुटारी

मार्च १८५४ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. जखमी सैनिकांची होणारी परवड वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होऊ लागताच इंग्लंडमध्ये संताप उसळला. त्या वेळी युद्धखात्यात मंत्री असलेल्या हर्बर्ट यांनी नाइटिंगेल यांना परिचारिकांचे पथक घेऊन जाण्याची विनंती केली. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ स्त्रियांसह त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबर रोजी कॉन्स्टॅन्टिनोपलसमोर, बॉस्पोरसच्या पलीकडच्या तीरावरील स्कुटारी येथे पोहोचल्या.

तेथील बराकीत उभारलेल्या रुग्णालयात खाटा, कपडे, भांडी, साबण अशा साध्या वस्तूंचीही टंचाई होती. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती आणि त्यांची दुर्गंधी थेट रुग्णांच्या दालनांत येत असे. काळ्या समुद्रापलीकडून जहाजांतून आणलेले सैनिक आधीच उपासमार, थंडी आणि आमांशाने खंगलेले असत. नाइटिंगेल यांनी स्वयंपाकघर, धुलाईची व्यवस्था आणि साहित्याचा पुरवठा मार्गी लावला. तरीही १८५४-५५ च्या हिवाळ्यात मृत्यूंचे प्रमाण वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथे उपचार घेणाऱ्यांपैकी ४२.७ टक्के रुग्ण दगावले.

मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेला आरोग्य आयोग स्कुटारीत दाखल झाला. डॉ. जॉन सदरलँड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन हे त्याचे प्रमुख सदस्य होते. आयोगाने गटारे साफ करवली, पाण्याच्या मार्गातील घाण काढली, भिंतींना चुना दिला आणि हवा खेळती राहील अशी व्यवस्था केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण २.२ टक्क्यांपर्यंत उतरले.

रुग्णालयातील नोंदींची अवस्थाही दयनीय होती. वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी ठेवलेल्या मृतांच्या याद्या एकमेकींशी जुळत नसत आणि एकाच आजाराला वेगवेगळी नावे दिलेली असत. नोंदच धड नसेल तर चूक कोठे झाली हे कळणार नाही आणि ती पुन्हा होणार, हा धडा नाइटिंगेल यांनी येथे घेतला. मे १८५५ मध्ये त्या स्वतः क्रिमियातील तापाने गंभीर आजारी पडल्या. युद्ध संपल्यावर, ऑगस्ट १८५६ मध्ये, सत्काराचे सर्व बेत टाळून त्या गुपचूप घरी परतल्या.

विल्यम फार यांचे सहकार्य

परतल्यानंतर काही आठवड्यांतच बाल्मोरल येथे त्यांनी राणी व्हिक्टोरिया आणि राजपुत्र आल्बर्ट यांची भेट घेऊन लष्करी आरोग्याच्या चौकशीची मागणी केली. १८५७ मध्ये हर्बर्ट यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. स्त्री असल्यामुळे नाइटिंगेल यांना त्यात सदस्यत्व मिळाले नाही. त्यांनी आपली साक्ष लेखी उत्तरांच्या रूपाने दिली. आयोगाच्या कामामागची मुख्य शक्ती मात्र त्याच होत्या.

याच काळात त्यांची जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातील संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्याशी ओळख झाली. युद्धकाळातील मृत्यूंची आकडेवारी दोघांनी मिळून तपासली, तेव्हा एक कटू सत्य पुढे आले. सर्वाधिक मृत्यू रणांगणावर झाले नव्हते, ते रोगांमुळे झाले होते, आणि त्यांपैकी बहुतेक टाळता येण्याजोगे होते. स्वतः नाइटिंगेल यांच्या देखरेखीखालील स्कुटारी रुग्णालयातही रोगमृत्यूंचे प्रमाण भयावह होते. युद्ध चालू असताना त्या मृत्यूंचा दोष त्या मुख्यतः अपुरे अन्न, अतिश्रम आणि रुग्ण उशिरा पोहोचणे यांना देत असत. अस्वच्छ इमारतीचा वाटा किती मोठा होता हे त्यांना आकड्यांमुळे उमगले, असे काही चरित्रकार मानतात, तर काहींना हे मत मान्य नाही. पुढील आयुष्यभर त्यांनी गटारे, पाणी आणि हवा यांचाच ध्यास घेतला, याबद्दल मात्र दुमत नाही.

गुलाबाकृती आलेख

शेकडो पानांचा अहवाल आणि त्यातील तक्ते मंत्री व संसदसदस्य वाचणार नाहीत, याची नाइटिंगेल यांना पुरेपूर जाणीव होती. म्हणून १८५८ व १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखनात त्यांनी रंगीत आलेख जोडले. त्यांपैकी पूर्वेकडील सैन्यातील मृत्यूंची कारणे दाखवणारा आलेख सर्वांत प्रसिद्ध आहे. फुलाच्या पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या त्याच्या रचनेमुळे त्याला गुलाबाकृती आलेख म्हटले जाते. त्याचे तांत्रिक नाव ध्रुवीय क्षेत्रालेख असे आहे.

नेहमीच्या वृत्तालेखात त्रिज्या सारखी असते आणि पाकळ्यांचे कोन बदलतात. येथे उलट आहे. वर्षाच्या बारा महिन्यांसाठी बारा समान कोन, म्हणजे प्रत्येकी ३० अंशांचा, आणि मृत्युदरानुसार बदलणारी त्रिज्या अशी ही रचना आहे. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांमुळे झालेले मृत्यू तांबड्या रंगात आणि इतर कारणांचे मृत्यू काळ्या रंगात दाखवले आहेत. तिन्ही रंगांची मोजणी वर्तुळाच्या केंद्रापासूनच होते. एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ या वर्षाची आकृती एका बाजूला आणि त्यानंतरच्या वर्षाची दुसऱ्या बाजूला आहे. पहिल्या आकृतीत हिवाळ्याच्या महिन्यांतील निळ्या पाकळ्या कागदभर पसरलेल्या दिसतात आणि तांबडा रंग केंद्राजवळ जेमतेम दिसतो. दुसऱ्या आकृतीत निळ्या पाकळ्या महिन्यागणिक आक्रसत जातात. संख्या न वाचताही आशय ध्यानी येतो.

या आलेखामागील गणित साधे आहे. जानेवारी १८५५ मध्ये सैन्याचे सरासरी संख्याबळ ३२,३९३ होते. त्या महिन्यात रोगांमुळे २,७६१, जखमांमुळे ८३ आणि इतर कारणांमुळे ३२४ सैनिक मृत्युमुखी पडले. महिन्याच्या मृत्यूंना १२ ने गुणून, संख्याबळाने भागून, १,००० ने गुणले की दर हजारी वार्षिक मृत्युदर मिळतो. रोगांसाठी तो १,०२२.८ येतो आणि जखमांसाठी केवळ ३०.७. हजारांत हजाराहून अधिक मृत्यू कसे, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडणे स्वाभाविक आहे. याचा अर्थ असा की, त्या एका महिन्याची गती वर्षभर टिकली असती आणि नवी कुमक आली नसती, तर वर्ष संपण्यापूर्वीच केवळ रोगाने सगळे सैन्य नाहीसे झाले असते. पुढच्या वर्षी, जानेवारी १८५६ मध्ये, ४४,२१२ सैनिकांमध्ये रोगांमुळे ४२ मृत्यू झाले, म्हणजे दर ११.४ इतका खाली आला.

आलेखातील दुरुस्ती

हा आलेख पहिल्याच प्रयत्नात निर्दोष उतरला नव्हता. आधीच्या आवृत्तीत केंद्रापासूनचे अंतर थेट मृत्युदराच्या प्रमाणात घेतले होते. परंतु पाहणाऱ्याची नजर अंतराकडे न जाता रंगवलेल्या क्षेत्राकडे जाते आणि वर्तुळाच्या पाकळीचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वर दिलेल्या दोन जानेवारी महिन्यांतील दरांमध्ये सुमारे ९० पट अंतर आहे. त्रिज्याही ९० पट घेतली, तर क्षेत्रफळात सुमारे ८,००० पट फरक दिसेल आणि खरी गोष्टसुद्धा अतिशयोक्त ठरेल. त्यामुळे सुधारित आलेखात क्षेत्रफळ मृत्युदराच्या प्रमाणात ठेवण्यात आले. त्यासाठी त्रिज्या दराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे या उदाहरणात सुमारे साडेनऊ पट, घ्यावी लागते.

चित्र परिणामकारक असावे आणि प्रामाणिकही असावे, या दोन अपेक्षांमधील ताण या दुरुस्तीत दिसतो. याच आलेखाबाबत आणखी एक सावधगिरी अभ्यासक सांगतात. आकृत्यांची विभागणी मार्च १८५५ अखेर केल्यामुळे सर्व सुधारणा आरोग्य आयोगामुळेच झाली असे वाटते. प्रत्यक्षात रोगमृत्यू जानेवारीतील २,७६१ वरून फेब्रुवारीत २,१२० आणि मार्चमध्ये १,२०५ असे आधीच उतरू लागले होते. हिवाळा ओसरणे आणि पुरवठा सुधारणे यांचाही त्यात वाटा होता. एकामागोमाग घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध असेलच असे नाही, हे तत्त्व शिकवण्यासाठीही हा आलेख उपयोगी पडतो.

वर्तुळाकार आलेखांच्या जनक नाइटिंगेल नव्हत्या. स्कॉटलंडचे विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये स्तंभालेख आणि १८०१ मध्ये वृत्तालेख प्रसिद्ध केले होते. फार यांनीही १८५२ च्या पटकीविषयक अहवालात वर्तुळाकार आकृत्या वापरल्या होत्या. एखादे धोरण बदलण्यासाठी आलेखाचा इतका हेतुपूर्वक वापर करणे, हे नाइटिंगेल यांचे वैशिष्ट्य होते.

शांतताकाळातील सैन्य

युद्धात माणसे मरणारच, असे उत्तर मिळण्याची शक्यता ओळखून त्यांनी दुसरी तुलना पुढे केली. इंग्लंडमधील बराकींत, शांततेच्या काळात राहणाऱ्या सैनिकांचा मृत्युदर त्याच वयाच्या नागरी पुरुषांच्या दराशेजारी ठेवला. २० ते २५ या वयोगटात नागरिकांमध्ये दर हजारी ८.४, तर सैनिकांमध्ये १७.० मृत्यू होत. सैन्यात भरतीच्या वेळी अशक्त तरुण वगळले जात असल्याने सैनिकांचा दर खरे तर कमी असायला हवा होता. साध्या जोडस्तंभांनी ही विसंगती उघड केली. वयोगट वेगळे न करता तुलना केली असती, तर वृद्ध नागरिकांच्या मृत्यूंमुळे ती झाकली गेली असती. तुलना सारख्यांची सारख्यांशीच करावी, हा संख्याशास्त्राचा पहिला पाठ येथे प्रत्यक्षात उतरला आहे.

आयोगाच्या शिफारशींनुसार बराकी व लष्करी रुग्णालयांत सुधारणा झाल्या, सैन्यासाठी स्वतंत्र सांख्यिकी व्यवस्था उभी राहिली आणि लष्करी वैद्यकीय विद्यालय सुरू झाले. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने नाइटिंगेल यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला होत. १८७४ मध्ये अमेरिकन सांख्यिकी संस्थेने त्यांना सन्माननीय सदस्य करून घेतले.

रुग्णालये आणि छेदाचा प्रश्न

१८५९ मध्ये त्यांनी रुग्णालयांविषयी आणि परिचर्येविषयी पुस्तके लिहिली. जनतेने जमवलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत त्यांनी सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात अशी योजना मांडली आणि ती स्वीकारली गेली. काही रुग्णालयांनी ते नमुने वापरूनही पाहिले, परंतु ते भरण्यास किचकट असल्याने फार काळ टिकले नाहीत. १८६१ च्या जनगणनेत आजारपण आणि घरांची स्थिती यांविषयी प्रश्न असावेत, हा त्यांचा आग्रहही सरकारने मान्य केला नाही.

रुग्णालयविषयक पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तीत फार यांनी काढलेली आकडेवारी त्यांनी दिली. तीनुसार लंडनमधील रुग्णालयांचा मृत्युदर ९० टक्क्यांहून अधिक होता. त्यावर डॉक्टरांनी कडाडून टीका केली आणि ती बऱ्याच अंशी रास्त होती. वर्षभरातील एकूण मृत्यूंना एका ठरावीक दिवशी रुग्णालयात असलेल्या रुग्णसंख्येने भागले होते. वर्षभरात दाखल झालेल्या सर्व रुग्णांची संख्या छेदस्थानी घेतली असती, तर हा दर कितीतरी खाली आला असता. अंश तोच ठेवून छेद बदलला की निष्कर्ष कसा बदलतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. ज्यांनी इतरांना आकडे वाचायला शिकवले, त्यांच्याही हातून अशी मांडणी झाली, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याउलट, आकडे स्वतःच्या कार्याविरुद्ध गेले तेव्हा त्यांनी माघार घेतली, याचेही उदाहरण आहे. नाइटिंगेल निधीच्या मदतीने लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात प्रसाविकांचे प्रशिक्षण चालू होते. तेथील प्रसूतिकक्षात सूतिकाज्वराने माता दगावू लागल्याचे आढळल्यावर १८६७ मध्ये तो कक्ष बंद करण्यात आला. पुढे ठिकठिकाणची माहिती जमवून नाइटिंगेल यांनी १८७१ मध्ये प्रसूतिगृहांविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. घरी होणाऱ्या प्रसूतींपेक्षा मोठ्या प्रसूतिगृहांत माता अधिक संख्येने मरतात, असा त्याचा निष्कर्ष होता.

भारताविषयी कार्य

नाइटिंगेल भारतात कधीही आल्या नाहीत, तथापि त्यांच्या उत्तरायुष्याचा मोठा भाग भारतीय प्रश्नांनी व्यापला होता. १८५९ मध्ये भारतातील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला गेला. त्यासाठी तिन्ही इलाख्यांतील छावण्यांकडे प्रश्नावली पाठवण्यात आली. पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, बराकीत किती माणसे झोपतात, अशा प्रश्नांची आलेली उत्तरे नाइटिंगेल यांनी तपासली आणि १८६३ च्या अहवालासाठी त्यांवर भाष्य लिहिले. त्यासोबत छावण्यांमधील स्थिती दाखवणारी चित्रेही छापली गेली. छपाईच्या खर्चास सरकारी तिजोरीने हरकत घेतल्यावर तो त्यांनी स्वतः सोसला. भारतातील ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर पूर्वी दर हजारी सरासरी ६९ होता. दहा वर्षांनंतर, १८७३ मध्ये, तो १८ वर आल्याचे त्यांनी नोंदवले.

छावणीच्या कुंपणापाशी रोग थांबत नाहीत, म्हणून त्यांचे लक्ष हळूहळू भारतीय जनतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, शेतकऱ्यांचे कर्जबाजारीपण आणि खेड्यांतील स्वच्छता या विषयांवर त्यांनी लेखन केले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. त्यांचे हे सर्व कार्य ब्रिटिश राजवटीच्या चौकटीत राहूनच झाले, अशी मर्यादा अभ्यासक दाखवतात. मात्र राजवटीच्या दाव्यांची सत्यता आकड्यांनी तपासावी, हा आग्रह त्यांनी सोडला नाही.

ऑक्सफर्डमधील अध्यासनाची योजना

बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ ॲडॉल्फ केटेले यांच्या ग्रंथांचा नाइटिंगेल यांच्यावर खोल प्रभाव होता. समाजातील घटनांमध्येही नियमितता असते आणि ती अभ्यासणे म्हणजे ईश्वराचे नियम जाणून घेणे, अशी त्यांची धारणा होती. सरकारी कचेऱ्यांत आकड्यांचे ढीग साचतात, परंतु विद्यापीठांतून बाहेर पडलेले मंत्री आणि अधिकारी त्यांचा उपयोग करू शकत नाहीत, कारण ते त्यांना कोणी शिकवलेलेच नसते, ही त्यांची मोठी खंत होती.

त्यावर उपाय म्हणून ऑक्सफर्ड विद्यापीठात उपयोजित संख्याशास्त्राचे अध्यासन स्थापन करावे, असा विचार त्यांनी बेंजामिन जॉवेट यांच्या साहाय्याने पुढे आणला. १८९१ मध्ये शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांच्याशी त्यांनी याबाबत पत्रव्यवहार केला. अध्यासनासाठी सुचवलेले प्रश्न प्रत्यक्ष जीवनातले होते. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर शाळेत शिकलेल्या मुलांच्या लक्षात पुढे काय उरले, शिक्षेमुळे गुन्हे खरोखर कमी होतात काय, दारिद्र्यनिवारणाच्या व्यवस्थेने दारिद्र्य घटते की वाढते, भारतातील जनता श्रीमंत होत आहे की गरीब, असे ते प्रश्न होते. संख्याशास्त्राचे सूत्रांपासून आरंभ होणारे शिक्षण त्यांना अभिप्रेत नव्हते. प्रश्नापासून आकड्यांकडे आणि आकड्यांपासून कृतीकडे जाणारे शिक्षण त्यांना हवे होते.

गॉल्टन यांनी वेगळी पद्धत सुचवली आणि दोघांचे मत जुळले नाही. १८९३ मध्ये जॉवेट यांचे निधन झाले. नाइटिंगेल यांनी या कामासाठी मृत्युपत्रात ठेवलेली २,००० पौंडांची तरतूदही पुढे स्वतःच रद्द केली. अध्यासन स्थापन झाले नाही.

अखेरची वर्षे

१८५७ पासून नाइटिंगेल यांची प्रकृती सतत बिघडलेली होती. क्रिमियातील तापाचा हा दीर्घकालीन परिणाम असावा, असे अनेक वैद्यकीय अभ्यासकांचे मत आहे. कित्येक वर्षे त्या लंडनमधील साउथ स्ट्रीट येथील घरात बहुतांशी अंथरुणाला खिळून होत्या आणि तेथूनच हजारो पत्रे, टिपणे व अहवाल लिहीत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची दृष्टी गेली. १९०७ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान देण्यात आला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन करण्याचा प्रस्ताव नातेवाइकांनी नाकारला आणि हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो येथे कौटुंबिक दफनस्थळी त्यांना मूठमाती देण्यात आली. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, हा आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

संख्याशास्त्राच्या अध्यापनातील स्थान

नाइटिंगेल यांच्या विचारांना मर्यादा होत्या. रोग घाणीतून व दूषित हवेतून उत्पन्न होतात, असे त्या दीर्घकाळ मानत आणि जंतुसिद्धान्त त्यांनी उशिरा स्वीकारला. तरीही स्वच्छतेवरील त्यांचा भर परिणामांच्या दृष्टीने योग्य ठरला.

क्रिमियन युद्धातील महिनावार आकडेवारी आज सहज उपलब्ध असून सांख्यिकीय संगणक प्रणालींमध्ये सरावासाठी ती वापरली जाते. तेच आकडे विद्यार्थी प्रथम तक्त्यात, मग स्तंभालेखात आणि शेवटी गुलाबाकृती आलेखात मांडतात आणि प्रत्येक रूपातून काय दिसते व काय झाकले जाते याची चर्चा करतात. दर कसा काढावा, छेद कोणता घ्यावा, क्षेत्रफळ व लांबी यांत गल्लत केल्यास नजर कशी फसते आणि सहसंबंध म्हणजे कारण का नव्हे, या चारही संकल्पना त्यांच्या एकाच जीवनकार्यातून शिकवता येतात. तक्त्यातील प्रत्येक एकक म्हणजे एक मेलेला माणूस आहे, याचे भान ठेवून त्यांनी आकडे मांडले. ऑक्सफर्डला जे अध्यासन मिळाले नाही त्याचे काम, एका अर्थाने, जगभरातील वर्गखोल्यांत त्यांचे आलेख करीत आले आहेत.